अकरा वाजताची ओहोटी

लवू शिवलकरांनी तीस वर्षं रत्नागिरीत प्रबंध बांधले, आणि त्यातला एकही न वाचता बांधला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मला माहीत असायचं कारण म्हणजे आमचा गाळा एकच आहे. पुढच्या अर्ध्यात मी, शमिका, संगणकावर टायपिंग करते, आणि मागच्या अर्ध्यात लवूकाका खळ, दाभण आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या घेऊन बसतात. जिल्ह्यातला कोणीही पीएच.डी. करायला लागला की शेवटी आमच्याच पायरीवर येतो, कारण विद्यापीठाला सोनेरी अक्षरांची जाड पुठ्ठ्याची प्रत लागते.

शिवणीआधी प्रत्येक पान हाताने उलटून बघायचं, ही ज्यांच्याकडे ते काम शिकले त्यांची शिस्त. पानांचे आकडे बघता बघता काकांची नजर मजकुरावर गेली ती गेलीच. शिक्षण नववीपर्यंत, पण साहित्यापासून वैद्यकापर्यंत सगळं डोळ्यांखालून गेलेलं. साहित्याच्या प्रबंधांवर त्यांचा जुना राग. "जेवायला बसवलं आणि चाळीस पानं ताट कशाला म्हणतात तेच सांगतायत," असं म्हणायचे. गणिताच्या प्रबंधातलं एक अक्षर कळत नसे, तरी तो प्रबंध काका धुतल्या हातांनी बांधत, कारण तो पातळ असे आणि त्यात फुशारकी नसे. विंचूदंशावरच्या प्रबंधातले फोटो मात्र डोळे बारीक करून उलटायचे. एकदा जांभ्याच्या दरडीवर काम करणाऱ्या इंजिनीअरला त्यांनी सहज विचारलं की ही मोजमापं पावसाआधीची की नंतरची. तो प्रत परत घेऊन गेला आणि आठ महिन्यांनी नवी मोजमापं घेऊन आला. येताना पेढे आणले होते. अशी माणसं असतात, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ती तशी नव्हती.

सर्वेश आमच्याकडे आला तो सागरी विज्ञानाचा प्रबंध घेऊन. गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, सारखं काका-काका. विषय होता आमच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला जो चिखलाचा पट्टा उघडा पडतो, त्यात वाडीतल्या पंचवीसेक बायका तिसऱ्या काढतात आणि बाजारात वाट्यांनी विकतात. लवूकाकांची थोरली बहीण गोदाक्का त्यातलीच. नवरा गेल्यापासून तिची चूल त्या चिखलावर पेटते.

सर्वेशने बारा महिने दर महिन्याला तिथे जाऊन चौरस मीटरमध्ये किती तिसऱ्या आहेत ते मोजलं होतं, असं प्रबंध सांगत होता. आकडे दर महिन्याला उतरत गेलेले. पाचव्या प्रकरणात निष्कर्ष: बायका वारेमाप काढतात म्हणून तिसऱ्या संपत चालल्या आहेत, सबब हा पट्टा तीन वर्षं पूर्ण बंद ठेवावा. ही शिफारस सरकारी कार्यालयाकडे पाठवली आहे, असंही तळटीपेत होतं. मी हे टाइप केलं तेव्हा मला गोदाक्काची टोपली आठवली. पण मोजलेलं आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार, असं मला वाटलं. छापील आकड्याला मी तेव्हा फार भीत असे.

काकांनी पानं उलटायला घेतली आणि चौऱ्याहत्तराव्या पानावर थांबले. मोजणीचा तक्ता होता. दर महिन्याची बारा तारीख, वेळ सकाळी अकरा. काकांनी मागच्या वर्षाची दिनदर्शिका खुंटीवरून काढली.

"बारा फेब्रुवारी. माघी पौर्णिमा," ते म्हणाले. "बारा एप्रिल, हनुमान जयंती. बारा मे, बुद्ध पौर्णिमा. शमे, पौर्णिमेला अकराला काय असतं खाडीत?"

खाडीकाठच्या कुठल्याही पोराला हे विचारा. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंधरा तिथी, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सर्वेश ज्या वेळी चिखलात उकिडवा बसून तिसऱ्या मोजत होता, त्या वेळी त्या चिखलावर दीड पुरुष पाणी होतं, तेही उधाणाचं. बाकीचे महिनेही काकांनी बोटांवर तपासले. बारापैकी दोनच दिवशी तिथे पाय टेकला असता.

तो गेलाच नव्हता. घरी पंख्याखाली बसून त्याने आकडे पाडले होते, आणि त्या आकड्यांच्या जोरावर गोदाक्काला चोर ठरवून मोकळा झाला होता. मला इतका संताप आला की तक्ता फाडून त्याच्या तोंडावर मारावासा वाटला. काका म्हणाले, "थांब. तोंडी परीक्षा खुली असते. कोणीही विचारू शकतं."

खुली असते हे खरं. शेवटी अध्यक्ष म्हणतात, कोणाला काही विचारायचं आहे का, आणि मग सगळे मागे वळून बटाटेवड्यांचा वास कुठून येतोय ते बघतात. इतक्या वर्षांत कोणी काही विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या दिवशी मागच्या रांगेतून लवूकाका उभे राहिले. पांढरा शर्ट, नखांत खळ. त्यांनी शांतपणे विचारलं, "बारा फेब्रुवारीला अकरा वाजता तुम्ही पट्ट्यात उतरलात कसे? तेव्हा तिथे भरती असते."

सभागृहात चुळबुळ झाली. बाहेरून आलेले परीक्षक घाटावरचे, त्यांनी खाडी बहुधा पुलावरूनच पाहिली असावी. ते सर्वेशच्या मार्गदर्शकांकडे बघायला लागले. आणि त्या सरांनी, पापणी न लववता, सांगितलं, "टायपिंगची चूक आहे ती. तारखा आणि वेळा टाइप करताना बदलल्या गेल्या."

टायपिंगची चूक. मी तिथे बसले होते. चोवीस वर्षं मी कानामात्रेची चूक होऊ दिली नाही, आणि बारा तारखा आणि बारा वेळा माझ्या बोटांतून आपोआप बदलल्या म्हणे. मी उठून म्हणाले की त्यांनी दिलेली हस्तलिखिताची मूळ फाइल माझ्याकडे आहे. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, बसून घ्या, हा तांत्रिक तपशील आहे. मी बसले. त्या बसण्याची मला अजून लाज वाटते.

पण खरी चूक झाली ती त्यानंतर, आणि ती आमच्या माणसाची. मार्गदर्शक सर हसून, अगदी आदराने म्हणाले, "काका, तुमचा अभ्यास दांडगा आहे. मग बरोबर वेळा कोणत्या असायला हव्यात?" आणि लवूकाका सांगायला लागले. मी त्यांचा शर्ट ओढला. त्यांना कळलंच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर उलटं लागलेलं पान दिसलं की सुलटं केल्याशिवाय हात धुतले नाहीत, त्याला चुकलेला तक्ता समोर असताना गप्प बसवत नाही. त्यात एवढ्या मोठ्या माणसांनी पहिल्यांदाच त्यांना काही विचारलेलं. त्यांनी तिथी लावली, पाऊणपट काढली, सहा तास मागेपुढे केले, कुठल्या महिन्यात भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासचं मंद पाणी, टाळून कुठली तारीख घ्यावी तेही सांगितलं, कारण भांगाच्या ओहोटीला पट्टा पुरता उघडा पडत नाही. बारा तारखा, बारा वेळा. सर्वेश मान खाली घालून लिहून घेत होता.

टाळ्या झाल्या. परीक्षकांनी टायपिंगच्या चुका दुरुस्त करून प्रत जमा करण्याच्या अटीवर पदवीची शिफारस केली. वडे गरम होते असं नंतर कोणीतरी म्हणालं. आम्ही थांबलो नाही.

तीन आठवड्यांनी सर्वेश दुरुस्त प्रत घेऊन बांधायला आला. काकांनी चौऱ्याहत्तरावं पान काढलं. तारखा नव्या, वेळा नव्या, सगळ्या काकांनी सांगितलेल्या. तिसऱ्यांचे आकडे तेच. बारा नव्या दिवशी, बारा नव्या वेळी, त्याला पट्ट्यात नेमक्या तेवढ्याच तिसऱ्या सापडल्या होत्या. पाचवं प्रकरण जसंच्या तसं.

"काका, आभारात तुमचं नाव घातलंय," सर्वेश म्हणाला. मनापासून म्हणाला, तेच जास्त वाईट. भरती-ओहोटीच्या वेळांबाबत श्री. लवू शिवलकर यांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले, असं वाक्य होतं.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण त्याचं काम झालेलं होतं. काकांनी पानं टेबलावर नीट ठोकून सारखी केली, त्याच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "मी बांधणार नाही." तो बरं म्हणाला. शहरात आणखी दोन बाइंडर आहेत, त्याला संध्याकाळपर्यंत प्रत मिळाली असणार. मूळ फाइल घेऊन मी दोन ठिकाणी अर्ज केले. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, की सदर त्रुटी दुरुस्त झालेली आहे. आणि पावसाळा संपता संपता वाडीत नोटीस लागली: पट्टा तीन वर्षं बंद.

नोटीस लागली त्याच दिवशी काका मला घेऊन गोदाक्काकडे गेले. ती ओहोटीची वाट बघत काठावर बसली होती, टोपली बाजूला. काकांनी तिला सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. पहिला तक्ता, सभागृह, नवा तक्ता, आभार.

गोदाक्काने टोपली पायाशी ओढून घेतली. मग विचारलं, "त्याने मोजलान नाय, ह्या पयल्या कागदावरनं कळत व्हतं?"

"व्हय."

"आनि आता?"

"आता नाय कळत."

"कोनालाच गावायचा नाय?"

"नाय, आक्का."

पाणी ओसरायला लागलं होतं. पट्ट्याची कड दिसत होती. ती उठली नाही.

"म्हंजे त्याचा कागद खोटा व्हता," ती म्हणाली, "तो तू खरा करून दिलंस."