सूर्यास्ताआधीची लढाई

पुनीत ओस्तवालला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: एक लढाई शेवटपर्यंत खेळायची. हसू नका. जळगावात स्टीलच्या भांड्यांचं दुकान, पन्नाशी जवळ आलेली, आणि हा माणूस इंचभर उंचीचे शिशाचे सैनिक रंगवतो, टेबलावर मांडतो, फासे टाकून जुन्या काळच्या लढाया खेळतो. खेळतो कसला, मांडतो आणि उचलतो!

कारण टेबल जेवणाचं. ओस्तवाल जैन, त्यांच्याकडे सगळेजण दिवस मावळायच्या आत जेवतात, नंतर पाण्याचा घोटही नाही. त्यामुळे ऊन उतरलं की त्याची आई, प्रेमकुंवर, ताटं घेऊन उभी. "उचल तुझी फौज!" म्हटलं की उचलायची. जमिनीवर मांडावं तर प्रेमराजचे गुडघे वाकत नाहीत. हा प्रेमराज धुळ्याचा निवृत्त मास्तर, इतिहास शिकवायचा, आणि अख्ख्या खानदेशात पुनीतला मिळालेला एकुलता एक भिडू. त्याच्या घरी जावं तर दोन खोल्या, आणि टेबलावर बायकोचं शिलाई मशीन. म्हणून रविवारी तोच एसटीने येणार, चहा पिणार आणि पिशवीतून विलायतेहून मागवलेली नवी सप्लिमेंट काढणार. सप्लिमेंट म्हणजे मूळ नियमांची पुरवणी: कोणत्या फौजेत किती घोडे, हत्ती बिथरला तर कुणाला तुडवणार, असलं सगळं.

"हत्तीना बठ्ठा नियम बदली ग्यात, भाऊ!" प्रेमराज अहिराणीत जाहीर करणार.

झालं! हत्तींचे सगळे नियमच बदलले म्हटल्यावर अर्धी दुपार त्यांच्यावरून वाद. पुनीतचं डोकं फिरायचं. नियम लिहिणाऱ्या त्या विलायतेतल्या लोकांना काय, रात्री दहाला जेवत असतील लेकाचे! इकडे थाळनेरचे फारुकी आणि गुजरातचा सुलतान वर्षानुवर्षं तापीकाठी समोरासमोर उभे राहायचे, आणि कुणी हरायच्या आत डब्यात जायचे.

शेवटी यंदा वैतागून पुनीतने स्वतःच पुरवणी लिहिली. हत्तीला एकच फासा, मोडलेली तुकडी परत येणार नाही, वाद घालायचा नाही, आणि ऊन उतरायच्या आत निकाल. प्रेमराजने ती वाचली, नाक मुरडलं, दोन ठिकाणी पेन चालवलं आणि म्हणाला, "बरं, मांड."

त्या रविवारी खेळ असा रंगला की विचारू नका. पुनीतचे फारुकी आधी पार नदीपर्यंत रेटले गेले. मग त्याच्या हत्तींनी सुलतानाची मधली फळी फोडली. पुनीतच्या कपाळावर घाम. एकदा पाठीमागे ताटं वाजली, तेव्हा त्याने मान न वळवता नुसता हात वर केला. आवाज थांबला. पुढे कुणी हाक मारली नाही, आणि त्याच्याही लक्षात आलं नाही. शेवटचा फासा पडला, सुलतानाचा सरदार आडवा झाला. प्रेमराजने चष्मा काढला आणि हळूच मान हलवली. संपली. एकदाची खरंच संपली!

पुनीतने वर पाहिलं तर खोलीतला दिवा लागलेला. कधी लावला कुणास ठाऊक.

प्रेमकुंवर सोफ्यावर बसली होती. बायको मेघा ओट्याजवळ खिचडीचं पातेलं झाकत होती. कोरी ताटं मांडणीत परत लावलेली.

"माँ, जेवलीस ना?"

"आता कसलं जेवण? दिवस बुडाला." ती साधेपणानं म्हणाली. "तुझं चाललं होतं. म्हटलं, होऊ दे एकदा मनासारखं."

पुनीतच्या अंगाची लाही लाही झाली. सत्तरी ओलांडलेली बाई, आता उद्या दिवस उगवेपर्यंत पाणीसुद्धा नाही! इतकी वर्षं ओरडली, मग आजच का गप्प बसली? ओरडली असती तर त्याने आदळआपट करत फौज डब्यात भरली असती, तिच्यावर धुसफुसत सगळ्यांबरोबर खिचडी खाल्ली असती. आता चिडायचं तरी कुणावर? प्रेमराज खाली मान घालून फासे गोळा करत होता.

"सांग तरी," प्रेमकुंवरने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "कोण जिंकलं?"

"कुणी नाही," पुनीत खेकसला. "अर्धीच राहिली."

"मग बसा ना रे," ती म्हणाली. "आता टेबल कुणाला लागतंय?"