आधी झाकण, मग पाणी

माझे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मशीनला हात लावण्याआधी ते कान लावायचे. गिऱ्हाईक चाक फिरवायचं आणि बाबा डोळे मिटून सांगायचे, "शटल झिजलंय." कान एवढे तिखट, पण बाकी कारभार सगळा गबाळा. ओला टॉवेल पलंगावर, चष्मा भलतीकडेच. कमोडचं झाकण तुटून वर्षं लोटली, तरी त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. आई बोलून बोलून थकली होती.

मग आईला रक्ताचा आजार झाला. "औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होईल, जंतूंपासून जपा," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यातच दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने बाबांना सांगितलं, की फ्लश केला की बारीक तुषार हवेत उडतात आणि टूथब्रशवर जाऊन बसतात. झालं! त्याच संध्याकाळी बाबांनी नवं झाकण आणून स्वतः बसवलं आणि सगळ्यांचे ब्रश स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवले.

तेव्हापासून घरात कायदा लागू झाला. आधी झाकण, मग पाणी. बाबा घरी असले की बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचे, पण लक्ष सगळं आतल्या आवाजाकडे. आधी ठप आणि मग खळखळ ऐकू आली की पान उलटायचे. क्रम चुकला की तिथूनच आरोळी, "उलटं झालं!" एकदा आत्याचे यजमान आले होते, त्यांनाही सोडलं नाही. बिचारे लालबुंद होऊन बाहेर आले. दादाने बाबांचं नाव झाकणसाहेब ठेवलं, त्यावर आई पोट धरून हसली. आजारपणाच्या त्या दिवसांत आमच्या घरात इतकं हसू होतं, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. मला मात्र ते दिवस फार हवेसे वाटतात.

पुढच्या तपासणीला बाबांनी मोठ्या अभिमानाने कायद्याची हकिकत सांगितली. "सवय चांगली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठे शिंतोडे अडतात. पण अगदी बारीक थेंब फटीतून निघतातच. त्यापेक्षा संडासाचं भांडं नीट घासत जा, हात साबणाने धुवा." बाबांचा चेहरा पडला.

घरी आल्या आल्या ते चपलांसकट खुर्चीत बसले. आई तडक संडासात गेली. झाकण असं आपटलं, की शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. मग पाणी सोडलं. बाहेर येऊन म्हणाली, "बघताय काय? बरोबर होतं ना?"

बाबांनी मान हलवली. मग उठून घासायचा ब्रश कुठे असतो ते तिलाच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी संडास घासला, आणि पुढे रोज घासत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. जंतुसंसर्गच झाला होता. कुठून झाला, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. भेटायला आलेली माणसं परतल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं.

"खरं सांग," ते म्हणाले. "मी दुकानात असायचो तेव्हा... कुणी विसरलं होतं का गं?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "कुणीच नाही."