अंगाला लागलेलं

माझी नणंद वजनकाट्यावर नोकरीला आहे. मालाचे ट्रक लोखंडी प्लेटवर उभे करून तोलतात, तिथे. आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली, आणि मधला फरक तो माल. तिची केबिन उंचावर, लोखंडी जिन्याच्या टोकाला. प्लेटवर गाडी आली की ताई माइकवरून सांगते, "ड्रायव्हर, खाली उतरा. तुमचं वजन मालात धरत नाहीत."

ड्रायव्हर मंडळीही काही कमी नाहीत. ताई, तुम्ही तेवढा प्लेटवर पाय ठेवू नका, मालकाला वाटेल एक खेप जास्त आली, असं कुणी म्हणालं की ती म्हणणार, माझं राहू दे, तुझ्या सीटखालचे दगड आधी काढ. मग सगळे हसायचे. तीही पोट धरून हसायची. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, आले होते चार-दोन, मीच तोलून बघितले, एकही मापात बसला नाही.

एकदा जिन्याच्या मधल्या पायरीवर ती बसली ती उठेचना. खाली गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. शेवटी दोन ड्रायव्हरांनी हात देऊन तिला वर नेलं. त्या दिवशी कुणी विनोद केला नाही, आणि तेच तिला लागलं. साहेबांनीही गोड बोलून विचारलं की जिना झेपत नसेल तर खाली दुसरं काही बघायचं का. खाली दुसरं काहीच नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

साखर वाढलेली, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी पट्ट्याचं ऑपरेशन सुचवलं. पोटाच्या वरच्या तोंडाशी एक मऊ पट्टा बसवतात. कातडीखाली बटणाएवढी डबी असते, तिच्यात सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. वर एवढीशी पिशवी राहते. ती भरली की जेवण संपलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पट्टा फक्त वाट अरुंद करतो, खाणं तुमचं तुम्हालाच बदलायचं आहे.

सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. पाठीवर मारावं पण पोटावर मारू नये म्हणतात, आणि हिने तर आपल्याच पोटाला दोरी बांधून घेतली, असं त्या येईल त्याला सांगायच्या. ऑपरेशन मात्र नीट झालं. मी देवाला हात जोडले.

मग नवं जेवण सुरू झालं. सुरुवातीला नुसतं पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. लहान मुलाचा चमचा. घास चावून चावून पाणी करायचा, मधे थांबायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "गाय बरी, ती निदान रवंथ बाहेर उन्हात करते." ताई हसायला जायची आणि थांबायची, कारण हसतानासुद्धा घास अडकतो.

भूक गेली होती. हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. सकाळी उठल्यापासून जी तिच्याबरोबर असायची, ती आता घरातच नाही असं ती सांगायची. सांगताना आनंद दिसला नाही. कुणीतरी निरोप न घेता निघून गेल्यासारखी ती इकडेतिकडे बघायची.

आता धाकट्याचं सांगायला हवं.

ताईच्या पाठचा एक भाऊ होता. घरात त्याला अजूनही धाकटाच म्हणतात. नुकता शाळेत जायला लागला होता तेव्हा तापाने गेला. मी या घरात आले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण मी आले तेव्हा पहिल्याच जेवणाला एक पाहिलं. सासूबाईंनी सगळ्यांना वाढलं, ताईला वाढलं, आणि मग डाव पुन्हा भरून ताईच्याच ताटात रिकामा केला. म्हणाल्या, "हा त्याचा." मला वाटलं, देवाचं काही असेल. आमच्या ह्यांनी नंतर सांगितलं की धाकटा गेला त्या आठवड्यापासून हे असंच आहे. ताई रोज दोघांचं जेवते आणि ताट स्वच्छ करून ठेवते. यावर घरात कुणी बोलत नाही.

उरलेलं मला ताईने सांगितलं, ऑपरेशननंतर. कुस्करलेला बटाटा खात होती, एक चमचा जास्त झाला. छातीवर हात ठेवून उठली, मोरीवर जाऊन वाकली, तोंडातून नुसती लाळेची तार लागली होती. मी पाठीवरून हात फिरवत होते. बरं वाटल्यावर तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि म्हणाली,

"वहिनी, त्याला नको नव्हतं गं. त्याला जातच नव्हतं. मला आत्ता कळलं."

कुणाला, असं मी विचारलं. धाकट्याला, म्हणाली.

धाकटा घास तोंडात धरून बसायचा. सासूबाई तेव्हा तरुण, कामाचा ढीग, स्वभाव तापट. ताट चाटूनपुसून झाल्याशिवाय उठायचं नाही, हा घरचा कायदा. त्यांनी शेगडीकडे तोंड केलं की धाकटा आपलं ताट हळूच बहिणीकडे सरकवायचा. तिला भूक असायचीच. ती भराभर खायची आणि ताट परत सरकवायची. सासूबाई वळून बघतात तर ताट लख्ख. शेजारणींना त्या सांगायच्या, "हा खातो सगळं, पण मेल्याच्या अंगाला काही लागत नाही. आणि हिला बघा, हिच्या अंगाला वाराही लागतो."

ताप आला तेव्हा घरी आलेला डॉक्टर दाराबाहेर एवढंच बोलून गेला की झगडायला पोराच्या अंगात काही शिल्लकच नव्हतं. दारामागे ताई उभी होती. धाकटा गेला, आणि तेव्हापासून 'मेला' हा शब्द सासूबाईंच्या तोंडून कुणी ऐकला नाही. त्याचा वाटा मात्र त्या वाढत राहिल्या. आणि ताई तो खात राहिली, कारण ताट स्वच्छ झालं की आईचा चेहरा जरा निवळायचा. त्याचं सगळं ताईच्या अंगाला लागलं. हे तिचेच शब्द. बोलताना आपला दंड तिने असा धरला होता की जणू तो दुसऱ्याचा आहे आणि परत करायचा राहिला आहे.

मला वाटलं, पट्ट्यानंतर सासूबाई थांबतील. ताईचं जेवण चार-पाच चमच्यांचं झालं, ते त्यांनी मुकाट्याने मान्य केलं, तेवढंच मोजून वाढायच्या. मग डाव पुन्हा भरायच्या. मी एकदा धीर करून म्हटलं, आई, त्यांना आता चालत नाही. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या,

"तिचं कमी केलंय डॉक्टरांनी. त्याचं कुठे कमी केलंय?"

देव पोट देतो आणि भूकही देतो, असं आपण म्हणतो. त्याने भूक परत नेली आणि वाटा तेवढा मागे ठेवला, तर माणसाने करायचं काय?

ताईने तिची वाट शोधली. पट्टा घट्ट पदार्थ अडवतो, पातळ सरळ खाली जातं. ती तो वाटा मिक्सरमध्ये फिरवायची, पाणी घालून गाळायची आणि पेल्याने प्यायची. भात, भाजी, जे असेल ते. भुकेशिवाय, चवीशिवाय, भिंतीकडे तोंड करून. कधी कधी पेला ओठाला लावायच्या आधी ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची. मग मीही बघायची. तिथे काही नसायचं. तरी मी ती खुर्ची ओढून कधी बसले नाही, हेही खरं.

उतरायला लागलेलं वजन थांबलं. पेला पुरा गेला नाही की उलटून पडायचं, पुष्कळदा गुपचूप. एके दिवशी ते काट्यावर झालं. डब्यात तिने तेच पातळ नेलं होतं. प्लेटवर गाडी उभी होती, माइक चालू राहिला होता, आणि खाली सगळ्या आवारात तिचं ओकारीचं कण्हणं कर्ण्यातून ऐकू गेलं. रांगेतला एक म्हातारा ड्रायव्हर तीन-तीन पायऱ्या टाकत वर धावला. त्यानेच तिला दवाखान्यात पोचवलं, आणि मी पोचेपर्यंत बाकावर बसून राहिला. मला म्हणाला, "बाई, आम्हाला वाटलं वर दोघं आहेत. दोन आवाज येत होते." त्याला काय ऐकू आलं असेल ते असो.

पट्टा जागेवरून थोडा सरकला होता. डॉक्टरांनी त्यातलं पाणी काढलं, विश्रांती सांगितली. आणि स्पष्ट बोलले की असंच कोंबत राहिलात तर तो काढावा लागेल, आणि तोवर पोटाला काय होईल याची हमी कुणी देणार नाही. जिवावर बेतेल, असं ते म्हणाले. तुम्हाला एवढं खायला लावतं कोण, या प्रश्नाला ताईने उत्तर दिलं, "घरचंच आहे."

परत येताना मी तिला म्हटलं, आता आईंना सांगा. ती खिडकीबाहेर बघत होती.

"काय सांगू वहिनी? तेव्हा मी खाल्लं म्हणून सांगू, की आता खात नाही म्हणून?"

त्यानंतरच्या सुट्टीची दुपार. घरात आम्ही तिघीच. सासूबाईंनी ताईला तिचं वाढलं. डाव पुन्हा भांड्यात गेला. तेवढ्यात ताई उठली. फळीवरून एक ताट काढलं, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलं आणि म्हणाली, "आई, त्याचं इथे वाढ."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. आणि वाढलं. लहान मुलाला वाढतात तसं, भाताला मधे खळगा करून, भाजी मऊ करून. आम्ही जेवायला लागलो. ताई आपला घास चावत होती. तिचे चमचे संपले, ती थांबली. त्या ताटातली वाफ थांबली. भात वरून सुकायला लागला.

सासूबाईंचं लक्ष आधी अधूनमधून तिकडे होतं, मग तिथेच राहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तो वाटा कधी उरलेला पाहिला नव्हता.

"हा जेवत नाहीये," त्या म्हणाल्या. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरुण बाईचा, कामात असलेल्या, चिडलेल्या बाईचा होता. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"त्याला जात नाही, आई."

"रोज तर जेवतो."

"मी जेवत होते."

"रोज?"

"रोज. तो होता तेव्हापासून."

मला वाटलं आता आकाश कोसळणार. काही कोसळलं नाही. सासूबाईंनी डाव घेतला आणि त्या ताटातला भात भांड्यात परत काढायला लागल्या. काढत काढत ताईच्या जेवणाइतका ठेवला, चार-पाच चमचे.

"एवढं जाईल का त्याला?" त्यांनी विचारलं. ताईला, की खुर्चीला, सांगता येणार नाही. सासूबाईंनी ताटावर झाकण ठेवलं आणि आत जाऊन पडल्या.

दिवस मावळताना आतून हाक आली. "खाल्लं का त्याने?"

ताई टेबलाशी उभी होती. तिने झाकण उचललं. मी तिच्याकडे बघत राहिले. चार चमचे भात, पाण्यात कालवून दोन घोटांत खाली गेला असता, पट्टा तर सैलच होता. आणि आईला हवं असलेलं उत्तर देता आलं असतं, जसं इतकी वर्षं दिलं. तिची बोटं ताटाच्या कडेवर आली होती.

"नाही आई," ती म्हणाली. "तसंच आहे."

आत खाट करकरली.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मग राहू दे."

ते ताट मी रिकामं केलं. या घरात ताटातलं अन्न टाकलेलं तेवढंच, आणि देव मला क्षमा करेल असं मी धरून चालते.

पुढे डॉक्टरांनी पट्टा पुन्हा आवळला. ताई आता जिना एका दमात चढते. ड्रायव्हर चिडवतात की ताई, वाऱ्याच्या दिवशी खिडकी लावून बसा. ती हसते, जपून. दुसरं ताट कुणी मांडत नाही. सासूबाई तिला तिचं वाढतात आणि भांडं झाकतात.

पण काही दिवशी हात जुन्या सवयीने पुन्हा भांड्यात जातो, भरलेला डाव वर येतो आणि मधेच थांबतो. त्यातून टेबलावर थेंब पडत राहतात. त्या वेळी सासूबाई कुठे बघतात ते मी बघत नाही. ताईही मान वर करत नाही. ती आपला घास चावत राहते, त्याचं पाणी होईपर्यंत.