कालच्या वचनाचं काय केलं?

शेवंतामावशीच्या ओसरीत पहिल्यांदा बसले तेव्हा मी नववीत होते, आणि मला फाडफाड वाचता येतं याचा मला भारी तोरा होता. रविवारच्या शाळेत वाचनाचं बक्षीस दरवर्षी माझंच. त्या सकाळी पवित्र शास्त्र माझ्या हातात आलं तशी मी अख्खा अध्याय एका दमात वाचून काढला आणि शाबासकीची वाट बघत मान वर केली. मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. "गाडी लई जल्दी पळवलीस गं रिबे. मधी कुठं उतरलीस का न्हाई?" मला काही उमजेना. "यातलं एक वचन सांग, जे तू आज करनार हाईस." मी पानं चाळायला लागले. "मग उद्या पयल्या वचनापासून. रोज एकच."

असली बाई. मी घरी जाऊन तक्रार केली, की एवढ्या पहाटे उठून फक्त एक ओळ वाचायची म्हणजे काय. आई म्हणाली, "जा तू. ती करते ते बराबर करते."

आमच्या जळकोटात ख्रिस्ती घरं मोजकीच. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, ही पत्र्याचं छत असलेली एक लांबट खोली, आणि पाळकसाहेब उदगीरहून महिन्यातून एकदा प्रभुभोजन द्यायला येत. बाकीचा महिना आमच्यासारख्या अर्धवट वयाच्या पोरांना धरून ठेवायचं काम मावशीने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिची पिठाची गिरणी होती, नवऱ्यामागे तिने एकटीने चालवलेली. तिचे केस पिकलेत की त्यांच्यावर पीठ बसलंय, हे गावात कुणालाच सांगता येत नसे. गिरणीचा पट्टा एकदा सुरू झाला की ओसरीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. म्हणून वचन वाचून मनन करायचं ते गिरणी सुरू व्हायच्या आधी. आल्या आल्या सगळ्यांनी आपापले मोबाइल एका सुपात ठेवायचे. "त्यास्नी बी जरा झोपू द्या," ती म्हणायची. "रातभर तुमच्यासंगं जागलेत बिचारे."

आणि मग तिचा तो ठरलेला प्रश्न. "कालच्या वचनाचं काय केलं?"

हा प्रश्न ती नव्या वचनाच्या आधी विचारायची, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पान हलायचं नाही. कुणी म्हणालं, मावशी मी त्यावर लई विचार केला, तर ती हसायची. "विचार? बरं हाय. गहू घरात ठिवून त्याच्यावर विचार केला तर भाकर व्हती का?" तिच्या बोलण्यात गहू, पीठ आणि डबे सारखे यायचे, आणि कुठे प्रवचन दिलंय असं वाटायचंच नाही. आनंद म्हणून एक पोरगा आमच्यात होता, माझ्याच वर्गातला, दिवसभर कुणाची तरी खोडी काढणारा. आम्ही प्रभूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, 'दिवा लावून टोपलीखाली कुणी ठेवत नाही' या वचनापाशी होतो. दुसऱ्या दिवशी मावशीने विचारल्यावर आनंद गंभीर तोंड करून म्हणाला, "मी दिवा लावला मावशी. आमच्या न्हाणीतला बल्ब उडाला व्हता, नवीन बसवला." आम्ही तोंडं दाबून हसतोय. मावशीने मात्र सरळ विचारलं, "कुनासाठी बसवलास?"

"आजीसाठी. तिला अंधारात दिसत न्हाई."

"मग झालं की. पुढचं वाच."

आनंदची चेष्टा त्याच्याच अंगावर आली आणि तो चक्क लाजला. त्या दिवसानंतर आजीचं पाणी तापवून न्हाणीत नेऊन ठेवायचं काम तो करू लागला. हे मला त्याने नाही, त्याच्या आजीने सांगितलं.

मावशीचा आणखी एक कायदा होता, आणि तो आम्हाला फार चमत्कारिक वाटायचा. शेवटी एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची, पण त्यात दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. एकदा आनंदने डोळे मिटून गोड आवाजात सुरू केलं, "हे प्रभू, आमच्या रिबेकाच्या जिभेला आवर घाल." मी चिडायच्या आत मावशीचा आवाज आला, "आमेन. बास." डोळे उघडून पाहिलं तर ती कधी नव्हे इतकी रागावलेली. "ती तुझ्यासमोर बसून राहिली ना? तिला सांगायचं ते तिच्या तोंडावर सांग. प्रभूच्या आडून खडा मारायचा न्हाई. मोठ्यानं नाव घ्यायचं ते सोताचं. दुसऱ्याचं मनात." थट्टेला एवढी आग का, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

मी दहावीला गेले त्या वर्षी जेनी आली. तिच्या वडिलांची नांदेडहून इकडे बदली झाली होती. शहरातली पोरगी, तोंडाने स्पष्ट. तिला आमच्या गावातलं सगळं नवं, म्हणून आम्हाला जे दिसत नव्हतं ते तिला दिसायचं.

वचन आलं होतं समेटाचं. देवाला अर्पण घेऊन निघालास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा, गोडी कर, मग ये. मावशीने ते आम्हाला असं समजावलं, "बघा, तुमचा राग हाय का, असं इचारलं न्हाई. त्याचा हाय का, असं इचारलंय. म्हंजे चुकी कुनाची, ह्यो हिशेब आधीच मोडीत निघाला." पुढचे काही दिवस आमची धावपळ. आनंद चुलतभावाकडे जाऊन आला. मी वर्गातल्या एका मुलीशी तीन शब्द बोलले, तेही मोठ्या मुश्किलीने. सगळ्यांचं झाल्यावर मावशी समाधानाने म्हणाली, "बरं झालं. पुढचं वाच."

जेनी म्हणाली, "मावशी, तुमचं राहिलं."

"माझं काय?"

"समोरच्या काकू. त्या इथं दळायला का येत नाहीत?"

मावशीच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की सलोमीकाकूंचं घर. आपल्याच मंडळीतल्या. त्या दर आठवड्याला दळणाचा डबा कमरेवर घेऊन मावशीच्या गिरणीवरून पुढे जायच्या, थेट गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गिरणीत. देवळात मावशी दारापाशी बसायची आणि काकू खिडकीपाशी. आम्ही जन्मापासून हे पाहत आलो होतो, आणि खरं सांगते, मला वाटायचं की त्या दुसऱ्या गिरणीत पीठ जास्त बारीक निघत असेल. आता बोला.

मावशी उठली. "तुला न्हाई कळायचं त्यातलं," म्हणाली आणि वेळेआधीच पट्टा सुरू केला. दुसऱ्या दिवशी जणू काही झालंच नाही अशा आवाजात ती म्हणाली, "आनंद, पुढचं वाच." आनंदने शास्त्र उघडलं आणि कालचंच वचन पुन्हा वाचलं. तो चेष्टा करत नव्हता. मावशीने सूप उचलून एकेकाचा मोबाइल त्याच्या त्याच्या हातात दिला. "जावा. उद्यापासून घरीच वाचा. मी शिकवायच्या लायक न्हाई."

आम्ही घाबरलो. रस्त्यात जेनी रडायला लागली, की माझ्यामुळे झालं. दहावी झाली की मी लातूरला शिकायला जाणार होते, त्याआधीचं ते शेवटचं वर्ष, आणि सकाळची ती ओसरी आमच्यासाठी काय होती हे ती बंद झाल्यावर कळलं. घरी कोण वाचणार हो? घरी मोबाइल जागा असतो. आनंद म्हणाला, "तिनं बंद केलंय. आपन न्हाई." मग दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. दार लावलेलं. पायऱ्यांवर बसलो, तेच वचन वाचलं, मनातल्या मनात प्रार्थना केली आणि आलो. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. आत भांड्यांचा आवाज यायचा आणि आम्ही वाचायला लागलो की थांबायचा.

एके सकाळी दार उघडलं. मावशी बाहेर येऊन आमच्यातच पायरीवर बसली.

"सांगते," ती म्हणाली. "समोरच्या सलोमीचा पोरगा दाविद तवा लई प्यायचा. सांजच्या प्रार्थनासभेत सगळी मंडळी बसलेली, आन मी डोळे मिटून मोठ्यानं म्हनलं, प्रभू, सलोमीच्या पोराची दारू सोडव. ती तिथंच बसली व्हती. आमेन व्हायच्या आधी उठून गेली. दाविदचं लग्न ठरत आलतं. पोरीकडच्यांचे सोयरे व्हते त्या सभेत. सोयरीक मोडली." तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटायचं, मी तर प्रार्थनाच केली. प्रार्थनेचा बी कुनाला राग येतो का? मग हळूहळू कळत गेलं. कळून काय करता? तुमच्यासाठी कायदा केला, की नाव घ्यायचं न्हाई. तिच्या दारात मातर गेले न्हाई."

मग मावशीने विचारलं, एखाद्या लहान पोरीसारखं, "जाऊन म्हनू काय?"

आनंद म्हणाला, "आम्हाला सांगता तेच. माझं चुकलं म्हना."

त्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं तर गिरणी बंद. ओसरीत डब्यांची रांग, डब्यांचे मालक रस्त्यावर उभे राहून बडबडतायत, आणि समोर सलोमीकाकूंच्या उंबऱ्याबाहेर मावशीच्या पिठाळ चपला. आम्ही तिघं तिथेच थबकलो. जेनीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आत काय चाललंय ते काही ऐकू येत नव्हतं, आणि शाळेची घंटा झाली म्हणून पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत रांगेतला पहिला डबा सलोमीकाकूंचा होता. निळ्या रंगाने त्यावर नाव घातलेला. मावशी नेहमीच्या जागेवर, सूप पुढ्यात. तिने आमच्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाली, "आनंद, पुढचं वाच." आनंदला डोळे पुसल्याशिवाय ओळ दिसेना, ते पाहून मावशी म्हणाली, "रडाया काय झालं? बल्ब उडाला का?" मग आम्ही सगळेच हसलो.

आत काय झालं ते पुढे काकूंनी मला सांगितलं. "आली, दारातच उभी ऱ्हायली. म्हनली, सलोमी, ती प्रार्थना नव्हती. चुगली व्हती. देवाच्या कानात केली म्हनून काय झालं, चुगलीच ती. माझं चुकलं. मी म्हनलं, बस, च्या ठिवते. मग म्हनली, दाविदचं कसं हाय? मी म्हनलं, बये, बाहेरगावी कामाला लागला तवाच त्यानं सोडली, किती साल झाले. तुला कोन सांगनार, बोलत व्हतीस कुठं? तर रडून राहिली. म्हनली, मी रोज मागत व्हते त्याच्यासाठी, मनात." मग काकू म्हणाल्या, "ते आधी मालूम असतं तर मीच गेले असते."

राग एका दिवसात विरघळला असं मात्र नाही. देवळात काकू कितीतरी रविवार खिडकीपाशीच बसत राहिल्या. पण मावशीचे गुडघे धरले तेव्हा गिरणीवर दाविद आला, आणि पट्टा, मोटर, दळण सगळं त्यानेच सांभाळलं. त्याचं लग्नही झालं. मावशी त्या लग्नात वाढपी होती आणि तिने वाढलेली जिलेबी कुणालाही नको म्हणता आली नाही.

मी लातूरला गेले, मग नोकरीला नांदेडला, एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत. मोबाइलवर वचनं पाठवणारे नातेवाईक मला पुष्कळ आहेत, फुलांच्या चित्रांसकट. मावशीने कधी एकही पाठवलं नाही. ती फोन करायची. खुशाली नाही, जेवलीस का नाही, थेट विचारायची, "कालच्याचं काय केलंस?" कामाच्या गडबडीत मी वैतागायचे, पण फोन ठेवल्यावर बरं वाटायचं. दिवसभर मग मी माणसांशी जरा नीट बोलायचे. माझ्या विश्वासाचं जे काही खोड आज उभं आहे, ते तिच्या त्या एका प्रश्नाच्या पाण्यावर. हे मी तिला सांगितलंही होतं. ती म्हणाली, "गोड बोलून उत्तर टाळून राहिली का?"

गेल्या वर्षी ती गेली. रात्री जेवली, निजली, सकाळी उठली नाही. तिच्यासारख्या बाईला असंच मरण हवं होतं, आणि मिळालं. मातीच्या दिवशी सलोमीकाकू देवळात खिडकीपाशी नाही, दारापाशी बसल्या होत्या, मावशीच्या जागेवर.

नाताळाला मी घरी गेले आणि सवयीने पहाटे उठून गिरणीकडे निघाले. वाटलं होतं, ओसरी रिकामी असेल. तर सूप मोबाइलांनी भरलेलं, पोरं मांडी घालून बसलेली, ओळखीचं एकही नाही, सगळी पुढची पिढी. आणि मध्ये सलोमीकाकू. काकूंना वाचनाचा कंटाळा, हे सगळ्या मंडळीला माहीत. एक चुणचुणीत मुलगी तोऱ्यात भराभरा वाचत सुटली होती. मी कोपऱ्यात बसले. काकूंनी हात वर केला.

"थांब गं बाई. कालच्याचं काय केलं ते सांग आधी."

मुलीने पानावर बोट ठेवून मान वर केली. काकूंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "आन तू गं नांदेडवाले? नुसती आयकायला आलीस का?"

सगळी पोरं वळून बघायला लागली. मला सांगावं लागलं, आणि नीट सांगेपर्यंत बराच वेळ गेला. तोवर गिऱ्हाइकं आली होती, डबे वाजवत होती. आत दाविद मोटरच्या बटणावर हात ठेवून उभा होता. तो त्यांना हळू आवाजात म्हणाला, "जरा दम धरा. त्यांचं आमेन व्हायचं हाय."

काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि त्या मुलीला म्हणाल्या, "हां. आता पुढचं वाच."