ठमाबाईंचं नाव आणि काळा दगड

"म्हातारीनं दोन दिस झालं अन्न सोडलंय. दगडावरचं तुमीच लिवलंय न्हवं? मग तुमीच या आता."

फोनवर बबन होता, ठमाबाईंचा पुतण्या; माझा नंबर त्यानं कंपनीकडून मिळवला होता. मी बावधनच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरसमोर बसले होते. कप खाली ठेवताना चहा सांडला.

मी ट्रान्सलेटर आहे. कंपन्यांचे इंग्रजी मजकूर मराठीत आणते. महिन्याभरापूर्वी हिंजवडीच्या एका कंपनीच्या सीएसआरकडून, म्हणजे समाजोपयोगी कामं बघणाऱ्या विभागाकडून, चार ओळींचं काम आलं. मुळशीच्या डोंगरातल्या एका वाडीत ठमाबाई नावाच्या आजींनी आपली विहीर सगळ्या वाडीला खुली केली होती. कंपनीनं तिथं पंप आणि टाकी बसवली. आता आजींच्या सन्मानासाठी टाकीजवळ ग्रॅनाइटचा दगड लावायचा होता. मॅनेजर मॅडमनी 'जेनरस' आणि 'काइंड' असे दोन शब्द पाठवले आणि म्हणाल्या, "काहीतरी भारदस्त मराठी दे."

मी अर्धा दिवस त्यात घातला. 'दयाळू' नको, त्यात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. 'कृपाळू' देवाला शोभतो. 'कनवाळू' दुसऱ्याचं दुःख बघून पाघळणारा. 'दिलदार' मित्राला म्हणावं. 'दानशूर' म्हटलं की डोळ्यांपुढे शेठजीच येतात. शेवटी 'उदारमनस्क' पक्का केला आणि खाली ओळ दिली, 'त्यांचे औदार्य चिरंतन राहील.' स्वतःवरच बेहद्द खूश झाले. ज्या बाईंसाठी हे चाललं होतं, त्यांना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

लगेच गाडी काढली. पिरंगुट मागे पडलं तरी मनात एकच. आजींचं काही बरंवाईट झालं तर? मॅडमना फोन लावला.

"ओव्हररिअ‍ॅक्ट करू नकोस. दगड फोडून टाक, दुसरा बनवू."

टाकीजवळ दहा-बारा माणसं उभी होती. दगडावर गोणपाट टाकलेलं. बबननं ते उचललं. काळाभोर दगड, वर ठमाबाईंचं नाव, खाली माझ्या ओळी, आणि दोन्ही बाजूंना कोरलेल्या पणत्या. कारागिरानं स्मृतिशिळेचं त्याचं नेहमीचं डिझाइन वापरलं होतं.

"आमच्यात दगडावर नाव मेल्यावर घालत्यात," बबन म्हणाला. "देवळाच्या पायऱ्या बगा, पारावरचं बाकडं बगा. समदी गेलेली माणसं."

"पण कोनशिलेवर पुढाऱ्यांची नावं असतातच की."

"त्यास्नी काय व्हतंय?"

कुणी हसलं नाही.

ठमाबाई घरात गोधडीवर पडून होत्या. डोळे आढ्याला लागलेले. शेजारी भाकरीचं ताट तसंच होतं.

"आजी, चूक माझी आहे. तो दगड आत्ता फोडून टाकते."

त्या ताडकन उठल्या आणि माझं मनगट धरलं. "फोडू नगं गं! माज्या नावावर घाव घालतीस व्हय?"

"मग पुरून टाकू?" बोलून गेले आणि जीभ चावली. दारातल्या बायकांनी पदर तोंडाला लावला. बबन एक पाऊल पुढे आला. मी खरोखर घाबरले. दगड ठेवता येईना, फोडता येईना, पुरता येईना, आणि ही बाई माझ्या चार ओळींपायी उपाशी मरणार.

काही सुचेना, म्हणून सरळ विचारलं, "आजी, मग जिवंत माणसाचं नाव कशावर घालतात?"

त्यांनी ताटाकडे बोट केलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या भावाचं नाव घातलेलं होतं. "त्येनं लग्नात दिलंय. जित्याचं नाव भांड्यावर. रोज हाताखालनं जातंय."

"मग वाडीतल्या प्रत्येक घरात तुमच्या नावाचा हंडा देऊ. दगड मी माझ्या घरी नेते. फोडणार नाही, पुरणार नाही."

"शपथ?"

"शपथ."

चौघांनी दगड माझ्या डिकीत ठेवला. हंड्यावर कुठला शब्द घालायचा, असं मी सवयीनं विचारलंच. "समदी म्हणत्यात, हाताची लई सढळ हाय," बबन म्हणाला. माझ्या अर्ध्या दिवसात 'सढळ' आठवला नव्हता. ठमाबाईंनी तोही उडवून लावला. "त्ये कशाला? निस्तं 'ठमाबाईकडून' घाला." आणि ताट पुढे ओढलं. पहिला घास पोटात गेल्यावरच मी उठले.

मॅडमनी एवढंच विचारलं, "हंड्यावर आपला लोगो येईल ना?"

"येईल. बुडाला."

हल्ली काम घेताना मी शब्दाआधी दोन गोष्टी विचारते. मजकूर कशावर जाणार, आणि माणूस हयात आहे का.

दगड माझ्या बाल्कनीत आहे, गोणपाटात, भिंतीकडे तोंड करून. वाडीचा फोन आला की अजून छातीत धस्स होतं. परवाही झालं.

"म्हातारी इचारतीया," बबन म्हणाला, "दगड नीट हाय न्हवं?"

"अगदी नीट आहे," मी म्हणाले. फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन गोणपाट उचलून बघितलं.