मचव्याऐवजी घड्याळ

बांध फुटून माझ्या खारजमिनीत समुद्र शिरला, त्या वर्षी भाताचं एक कणीस हाती लागलं नाही. तरी कचेरीने शेतसारा पुरा मागितला. मी भरला नाही. तो अन्याय होता, हे मी तेव्हा तिथे ओरडून सांगितलं आणि आजही सांगतो. मिठागरावर टोपल्या वाहून मी ती जमीन घेतली होती, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे.

शेवटी जप्ती आली. पुढे गावचा तलाठी, मागे तालुक्याचा कारकून आणि साक्षीला दोन पंच. मला धास्ती होती ती माझ्या मचव्याची, शिडाच्या गलबताची. तो मुंबईला माल नेई, त्यावरच घर चाले. तलाठ्याच्या मेहुण्याला तो लिलावात स्वस्तात हवा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

म्हणून मी आधीच डाव टाकला. गोठ्यातली म्हातारी बैलजोडी कारकुनापुढे आणून उभी केली.

"घ्या, न्या. पावती फाडा."

त्याने एका बैलाचे दात पाहिले. "शेट, बाजारात याला कोण विचारील?"

"तुम्हाला काय करायचंय? मी देतोय ना!"

"शेतकऱ्याचे नांगराचे बैल जप्त करता येत नाहीत. तुम्ही पाया पडलात तरी नाही."

पंच हसले. मी भडकलो. तेवढ्यात तलाठ्याने संधी साधली. "मचवा लिहा, रावसाहेब. धक्क्यालाच आहे."

"थकबाकी केवढी आणि मचवा केवढा?" कारकून म्हणाला. "वसुली भागेल एवढंच घ्यायचं. जास्तीला हात लावायचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही."

"मग वर काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

मी जन्मभर घासाघीस केली. समोरचा कुठे वाकेल ते मला लगेच कळतं. हा कुठेच वाकत नव्हता, माझ्या बाजूलाही नाही. ओटीवर आला, बियाण्याची कणगी ओलांडून पुढे गेला, चुलीवरच्या भांड्यांकडे पाहिलंही नाही आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. मुंबईच्या जुन्या बाजारात दुकानदाराला रडवून आणलेलं घड्याळ ते!

"एवढ्यात भागतं."

मी तोंड सोडलं. बायको दाराआडून म्हणाली, "मचवा हाय ना जाग्यावर? मग गप ऱ्हावा."

घड्याळ गेलं ते गेलंच, मी ते सोडवलं नाही. पण त्या संध्याकाळी भरतीला कारकुनाला खाडीपलीकडे जायला माझ्या मचव्याखेरीज काही नव्हतं. कारकून घड्याळ मांडीवर घेऊन बसला. पलीकडे पोचल्यावर त्याने भाडं पुढे केलं. मी नको म्हणालो.

"घ्या शेट. फुकट आलो, तर मचवा का सोडला ते उद्या लोक सांगतील."

मी पुरं भाडं घेतलं आणि त्याला हात देऊन धक्क्यावर उतरवलं. सरकारी माणसाला हात देण्याची माझी ती पहिलीच वेळ.