तीन लिटरची सॅक

सॅक घ्यायला दिरांना बरोबर नेलं, ही चूक माझीच. नवरा म्हणाला, त्याला त्यातलं कळतं, आणि मी ऐकलं.

मी डहाणूत शाळेत विज्ञान शिकवते. बेचाळिसाव्या वर्षी माउंटन बाइक घेतली आणि रविवारी सकाळी रानातल्या पायवाटांवर जायला लागले. आमच्या सायकल ग्रुपचे म्होरके माझे धाकटे दीर. ते तारापूरकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि रविवारीही आम्हाला कामगारांसारखंच वागवायचे. कुठल्या गिअरवर चढायचं, कुठे थांबायचं, काय खायचं, सगळं तेच ठरवणार. मला ते पहिल्यापासून आवडले नाहीत. लग्नानंतरच्या वर्षी त्यांनी भरल्या घरात माझ्या स्कूटर चालवण्याची नक्कल केली होती. ती मी विसरले नव्हते.

फेब्रुवारी संपता संपता ऊन तापायला लागलं. सायकलला लावलेली बाटली काढायची तर एक हात सोडावा लागतो, आणि दगडांच्या उतारावर हात सोडला की तोल गेलाच. म्हणून पाठीवरची पाण्याची सॅक घ्यायचं ठरलं. आत पाण्याची पिशवी, खांद्यावरून पुढे येणारी नळी, नळीचं तोंड दाताखाली दाबलं की पाणी. आम्ही वापीच्या एका दुकानात गेलो.

मला एक आखूड सॅक बरी वाटली. दीड लिटरची, पाठीला धरून बसणारी. ती चढवून मी दुकानातच वाकून बघत होते. दीर म्हणाले, ही शाळेच्या पोरांची, या उन्हात तीन लिटरच लागतं. आणि त्यांच्याकडे होती तीच मोठी सॅक त्यांनी काढायला लावली. माझी उंची जेमतेम पाच फूट. ती पाठीवर घेतली तर वरचं टोक मानेच्याही वर गेलं. पाणी भरून बघता येईल का, असं मी विचारलं. दुकानदार "बघा ना, बेन" म्हणून पिशवी उचलतोय, तेवढ्यात दिरांनी त्याला थांबवलं.

"वहिनी, रंग आवडला नाही का? तसं सांगा. बाकीचं माझ्यावर सोडा."

दुकानदार हसला. मी मोठी सॅक घेतली. आता आखूड घेतली असती तर ती रंगासाठीच घेतली, असं झालं असतं. एवढ्याशा कारणासाठी मी ती घेतली याचा मला अजून राग येतो.

पुढच्या रविवारी आम्ही रानशेतच्या मागच्या रानात गेलो. चढावर ते ओझं खांदे मागे ओढत होतं. कमरेचा पट्टा कमरेवर बसतच नव्हता, खाली घसरत होता. मी दोनदा सांगितलं. दीर म्हणाले, पट्टे ओढा. निम्मं पाणी संपल्यावर उरलेलं डचमळायला लागलं. मी एका बाजूला वळायची आणि पाणी दुसऱ्या. शेवटच्या उतारावर पुढचं बघायला मान वर केली, तशी सॅकच्या टोकाने हेल्मेट मागून उचललं आणि त्याची पुढची कड माझ्या डोळ्यांवर आली. काही दिसेना. चाक दगडाला आपटलं आणि मी उजव्या हातावर पडले.

जवळच एक बाई मोहाची फुलं वेचत होती. ती टोपली टाकून धावत आली. डोक्याचं फडकं सोडून तिने माझा हात गळ्यात बांधला. दीर पुढे गेले होते, ते सावकाश चालत परत आले आणि म्हणाले, "पट्टे ओढा म्हटलं होतं ना?"

त्या बाईने त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, हा तुझा कोण. मी म्हणाले, कोणी नाही.

मनगटाचं हाड मोडलं होतं. पाच आठवडे प्लास्टर. त्या दिवसांत चिंचणीला नात्यातल्या एका साखरपुड्यात दिरांनी माझं पडणं करून दाखवलं. डोळ्यांवर हात धरून, धडपडत. सगळे हसले. नवराही हसला. मी डाव्या हाताने चमचा धरून जेवत होते. चमचा खाली ठेवला.

"सॅक तुम्ही निवडलीत, भाऊजी. पाणी भरून बघू दिलं नाहीत. तेही करून दाखवा."

सासूबाई म्हणाल्या, आनंदाच्या दिवशी असले विषय नकोत. मला त्या सगळ्यांचा संताप आला.

प्लास्टर निघाल्यावर मी टेप आणली आणि मानेच्या मोठ्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत नवऱ्याकडून पाठ मोजून घेतली. तो हसल्याबद्दल काहीतरी बोलायला लागला. मी म्हटलं, फक्त आकडा सांग. मग एकटीच वापीला गेले, हेल्मेट घेऊन. दोन लिटरची आखूड सॅक पाणी भरून चढवली आणि मान मागे टाकून पाहिली. छातीचा पट्टा वर-खाली सरकतो का, श्वास कोंडतो का, ते पाहिलं. निम्मं पाणी ओतून दिलं, पिशवी उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून घेतली, तेव्हा डचमळणं थांबलं. तास गेला. सॅक मिळाली.

ती घेऊन मी कैनाडच्या वाटांवर महिनाभर फिरले. ग्रुपमधल्या दोघीजणी विचारायला लागल्या, म्हणून सगळं ग्रुपवर सविस्तर लिहिलं. पंधरा दिवसांनी इंटरनेटवर दिरांचा व्हिडिओ आला, महिलांनी सॅक कशी निवडावी यावर. माझीच वाक्यं, त्याच क्रमाने, "मानेचा मोठा मणका"सुद्धा. खाली लोकांनी त्यांचं कौतुक केलं होतं. मी फोन केला.

ते म्हणाले, "घरातल्या घरात कसलं नाव टाकायचं, वहिनी? चार बायकांचं भलंच झालं ना."

"पडले तेव्हा गावभर सांगितलंत. तेव्हा घरातलं नव्हतं?"

त्यांनी फोन ठेवला. मी व्हिडिओखाली लिहिलं, हे कोणाचं लिखाण आहे, आधीची सॅक कोणी घ्यायला लावली आणि हात कोणाचा मोडला. दुपारपर्यंत ते पुसलं गेलं होतं आणि मला ग्रुपमधून काढलं होतं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी व्हिडिओच नाहीसा झाला.

त्या दोघीही ग्रुप सोडून आल्या. रविवारी आम्ही तिघी तलासरीच्या बाजूला जातो. दीर सणासुदीला घरी येतात. मी जेवायला वाढते, बोलत नाही. त्यांना आणखी काही हवं असलं तर ते नवऱ्याला सांगतात आणि नवरा मला सांगतो. तो म्हणतो, एवढ्याशा पिशवीवरून किती दिवस?